इंजिन बदललं तरी मशीन तापतंच : जुन्याचं काढून नव्याला काय लावलंत?

दुखणं असं असतं. जेटीला बांधलेल्या बोटीत मशीन दोन तास चालवा, तापमानाचा काटा ८० अंशांच्या पुढे हलत नाही. समुद्रात जाऊन जाळं पडलं, ओढ सुरू झाली, की पंचवीस-तीस मिनिटांत काटा ९५ वर जातो, मग १०० वर. रेस कमी केली की उतरतो, वाढवली की चढतो. मेकॅनिक येतो, हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवतो, फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून) नवं गास्केट (हेडखालची सीलची पट्टी) टाकतो. महिना-दोन महिने बरे जातात आणि परत तेच. शेवटी मालक वैतागतो, कर्ज काढतो आणि पावसाळी बंदीत इंजिनच बदलून घेतो. नारळी पौर्णिमेनंतर बोट बाहेर पडते आणि तिसऱ्या फेरीला काटा पुन्हा १०० वर असतो.

रत्नागिरीच्या आसपासच्या बंदरांत बोटींची डिझेल इंजिनं आणि गावात जुन्या जीपा, अशी दोन्ही कामं मी करतो. ही तक्रार घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी येतोच. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो : जुन्या इंजिनाचं काढून नव्याला काय काय लावलंत?

आपल्याकडे इंजिन बदलणं म्हणजे बहुतेक वेळा नुसतं इंजिन बदलणं असतं. ट्रकचं सहा सिलिंडरचं रिकंडिशन इंजिन येतं आणि त्याला बोटीचं सगळं सामान जुन्यावरून उतरवून लावलं जातं. कूलर जुना, खाऱ्या पाण्याचा पंप जुना, होजपाइप जुने, सायलेन्सरचा बेंड जुना, वरची पाण्याची टाकी आणि तिचं झाकण जुनं, तापमानाचा गेजसुद्धा जुनाच. तापण्याचा रोग या सामानातल्या कशात असेल, तर तो सामानाबरोबर नव्या इंजिनात येतो. जुनं इंजिन बिचारं विनाकारण भंगारात जातं.

मागच्या एका हंगामातलं उदाहरण सांगतो. बोट ट्रॉलर, तांडेल (बोटीचे कप्तान) वयाने मोठे, आम्ही त्यांना नाना म्हणतो. हेड दोनदा उतरलेलं, तिसऱ्यांदा इंजिनच बदललेलं. मी विचारल्यावर नाना म्हणाले, "नवीन काय ते इंजिन. बाकी सगळा आपलाच हाय." मी म्हटलं, "नाना, मग इंजिनाला हात लावायचा नाही. आधी बादली आणा."

बादलीची परीक्षा

बोटीत इंजिनातलं गोडं पाणी कूलरमधून फिरतं आणि त्याच कूलरच्या नळ्यांतून समुद्राचं खारं पाणी जातं. खारं पाणी उष्णता घेऊन सायलेन्सरवाटे किंवा वेगळ्या पाइपाने बाहेर पडतं. हे बाहेर पडणारं पाणी किती आहे, हे कुणी मोजत नाही. "पाणी येतंय की" एवढं बघतात आणि पुढे जातात. पाणी येतंय हे खरं, पण पुरेसं येतंय का?

मोजायला पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलवरचं घड्याळ पुरतं. मशीन आयडलवर ठेवा आणि बादली किती सेकंदांत भरते ते बघा. मग रेस दुप्पट करून परत मोजा. खाऱ्या पाण्याच्या पंपात रबराचा इम्पेलर (पाकळ्यांचं चाक) असतो, तो फेऱ्यांच्या प्रमाणात पाणी ढकलतो. म्हणजे रेस दुप्पट झाली की बादली साधारण निम्म्या वेळात भरली पाहिजे.

नानांच्या बोटीत ७०० आरपीएमला (मिनिटाला ७०० फेऱ्यांना) बादली २१ सेकंदांत भरली. १४०० ला साडेदहा-अकरा सेकंद लागायला हवे होते. लागले १७. बंदरात मशीन थंड का राहतं आणि जाळं ओढताना का तापतं, ते इथेच कळलं. बिनओझ्याच्या इंजिनाला तेवढं पाणी पुरत होतं. ओढ लागली की उष्णता वाढायची आणि पाणी मात्र त्या मानाने वाढत नव्हतं.

अडथळा पंपाच्या आधी आहे की नंतर, हे ठरवायची सोपी रीत आहे. खालचा, समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद करा, सक्शनचा (पाणी पंपाकडे ओढणारा) होज तिथून सोडवा आणि पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवा. पिंप शक्यतो बाहेरच्या पाण्याच्या पातळीइतकंच ठेवा आणि वरून भरत राहा. पिंपातून घेतल्यावर पाणी वाढलं, तर गडबड तळाच्या जाळीत, कॉकमध्ये किंवा गाळणीत आहे. जाळीवर शिंपल्या-कवच्या धरलेल्या असतात, कधी प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. ही पिशवी फार फसवते, कारण मशीन बंद केलं की ओढ सुटते आणि ती आपोआप निघून जाते. बघायला जावं तर काहीच सापडत नाही.

याच वेळी सक्शनच्या होजकडे डोळा ठेवा. आत तारेची स्प्रिंग नसलेला साधा होज लावला असेल, तर रेस दिल्यावर तो ओढीने चपटा होतो. होज गरम आणि जुना असेल तर आणखी लवकर. थांबलेल्या मशीनवर हा दोष दिसणं अशक्य आहे, चालू मशीनवर बघावं लागतं.

नानांकडे पिंपातूनही १७ सेकंदच लागले आणि होजही चपटा होत नव्हता. मग पंपाचं झाकण उघडलं. इम्पेलर नवा, सगळ्या पाकळ्या जागेवर. झाकणाच्या आतल्या बाजूला खोल चरे नव्हते. पुढे राहिला कूलर. त्याचं टोकाचं झाकण सोडवलं तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी रबराचे काळे तुकडे अडकलेले दिसले. मोजले, अकरा निघाले. काही तुकड्यांवर पांढऱ्या क्षाराचा थर बसलेला होता, म्हणजे ते कधीचे तिथे होते. आणखी एक तुकडा पंपाकडून येणाऱ्या बेंडमध्ये आडवा बसला होता.

नानांना आठवलं. तीन वर्षांपूर्वी कॉक उघडायचा राहिला होता आणि मशीन कोरडं चाललं होतं. इम्पेलरचा चुरा झाला, खलाशाने नवा बसवला, बोट गेली. जुन्याच्या पाकळ्या कुठे गेल्या, हे कुणी पाहिलं नाही. कोरडा चालला तर इम्पेलर मिनिटभरातसुद्धा जातो, आणि तुटलेली पाकळी पाण्याबरोबर पुढेच जाते. दुसरीकडे जायला तिला वाटच नसते. म्हणून इम्पेलर बदलताना जुन्याच्या पाकळ्या मोजा. जेवढ्या कमी असतील तेवढे तुकडे शोधून काढल्याशिवाय झाकण लावू नका. हे काम अर्ध्या तासाचं आहे. ते राहिलं म्हणून नानांची दोन गास्केटं आणि एक इंजिन गेलं.

तुकडे काढले, नळ्या लाकडी काठीने एकेक करून साफ केल्या, आतला थर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने सोडवला. कडक ॲसिड वापरू नका, ते ॲल्युमिनियमची झाकणं खातं. कूलरमधली जस्ताची कांडी जवळजवळ संपली होती, तीही बदलली. ही कांडी स्वतः झिजून कूलर वाचवते. निम्मी झिजली की बदलायची, संपेपर्यंत थांबायचं नाही. शेवटी परत बादली लावली : १४०० ला ११ सेकंद. दुसऱ्या दिवशी पूर्ण ओढीला काटा ८४ वर थांबला.

पाणी पुरेसं असेल तर

बादली बरोबर वेळेत भरली तरी मशीन तापतंय, तर मग तापमान मोजायचं पिस्तूल घ्या. हल्ली ते स्वस्तात मिळतं. आधी गेजच खरा आहे का ते बघा. थर्मोस्टॅटच्या (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) घराजवळ पिस्तूल ८२ दाखवतंय आणि गेज १००, तर सेन्सर किंवा अर्थिंगची वायर बघा. इंजिन बदलताना अर्थिंगचा नट रंगावरच आवळून टाकतात, आणि सगळं गाव गास्केटच्या मागे लागतं.

याच्या उलटं झालं तर मात्र धोका आहे. काटा ९५ वर होता आणि अचानक ६० वर आला, तर बरं झालं असं समजू नका. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर वाफेत किंवा हवेत राहतो आणि कमी दाखवतो. लगेच रेस उतरवा, मशीन बंद करा. तापलेल्या टाकीचं झाकण उघडू नका. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या पुढेही पाणीच असतं, झाकण सैल होताच ते उकळून तोंडावर येतं. अशा भाजलेल्या माणसाला मी स्वतः जेटीवरून दवाखान्यात नेलंय. आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. थांबा. तासभर मासळी कमी मिळेल.

गेज खरा निघाला तर कूलरच्या दोन्ही बाजू मोजा. समुद्राचं पाणी २८ अंशांच्या आसपास आत शिरतं. ते बाहेर पडताना जेमतेम कोमट आहे आणि गोडं पाणी मात्र उकळायला आलंय, तर उष्णता एका पाण्यातून दुसऱ्यात जात नाहीये. एक तर नळ्यांवर थर बसलाय, नाहीतर गोडं पाणीच फिरत नाहीये. म्हणजे इंजिनाचा वॉटर पंप, पट्टा, थर्मोस्टॅट किंवा आत अडकलेली हवा.

थर्मोस्टॅटबद्दल जरा थांबून सांगतो. "व्हॉल्व्ह काढून टाक, थंड राहील" हा सल्ला आपल्याकडे चहाइतका सहज मिळतो. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर कूलरकडची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची छोटी वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, पाण्याचा मोठा हिस्सा कूलरकडे न जाता इंजिनातच घुटमळतो आणि ओझ्याखाली मशीन उलट जास्त तापतं. ज्या इंजिनात असा बायपास नाही तिथे मशीन थंडच राहतं, डिझेल जास्त पितं, लायनर (सिलिंडरची आतली नळी) लवकर झिजतात. व्हॉल्व्हवर शंका असेल तर तो दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, खाली गॅस लावा, शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर ८२ लिहिलं असेल तर ८२ च्या आसपास उघडायला लागेल. नाही उघडला तर नवा आणा. घरातल्यांना विचारून पातेलं घ्या, ते परत स्वयंपाकाला वापरू नका.

गास्केटची परीक्षा सगळ्यात शेवटी करतो, कारण ती सगळे सगळ्यात आधी करतात. मशीन पूर्ण थंड, टाकी काठोकाठ भरलेली, झाकण उघडं, वॉटर पंपाचा पट्टा काढलेला. मशीन सुरू करून मिनिटभर पाण्याकडे बघा. सतत बुडबुडे येत असतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. मिनिटाच्या वर पट्ट्याशिवाय चालवू नका. बुडबुडे नाहीत, ऑइल दुधाळ नाही, तर हेड उतरवायला सांगणाऱ्याला नाही म्हणा.

पंखा जड पडतोय का

काळा धूर आणि तापणं जोडीने येत असेल, तर थंड करणारी व्यवस्था सोडून पंख्याकडे, म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरकडे बघा. इंजिन बदलताना ही चूक फार होते. जुनं इंजिन १८०० आरपीएमचं होतं, नवं २२०० चं आणलं, गिअरबॉक्स आणि पंखा तोच ठेवला. आता पूर्ण रेस दिली तरी मशीन १८००-१९०० च्या वर जात नाही. पंखा तेवढंच फिरू देतो. वर जायला बघतं म्हणून डिझेलचा पंप जास्त डिझेल टाकतो, ते पुरतं जळत नाही, काळा धूर येतो, सायलेन्सर लाल होतो, पाणी तापतं. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे दहा टक्के वाढवायचे तर ताकद तेहेतीस टक्के जास्त लागते.

परीक्षा समुद्रातच होते. बोट नेहमीच्या ओझ्याने भरा, बर्फ-डिझेल-पाण्यासकट. मोकळ्या पाण्यात पूर्ण रेस द्या आणि क्रँकच्या पुलीवर चमकती पट्टी लावून टॅकोमीटरने फेरे मोजा. इंजिनाच्या पाटीवर लिहिलेले फेरे मिळाले पाहिजेत. बरेच कमी पडत असतील तर पंख्याची पिच (पात्यांचा तिरपेपणा) कमी करून घ्यावी लागेल, नाहीतर गिअरबॉक्सचं प्रमाण बदलावं लागेल. पण मोजण्याआधी पाणबुड्याला एकदा खाली पाठवा. पंख्याला गुंतलेला जाळ्याचा तुकडा आणि तळाला धरलेल्या शिंपल्यासुद्धा असंच ओझं टाकतात.

सायलेन्सरचा बेंड, जिथे खारं पाणी धुरात मिसळतं, तिथे काजळी आणि मीठ मिळून दगडासारखा थर होतो. धुराला वाट उरत नाही. बेंड उतरवून आत बोट घाला. निम्मी वाट बुजलेली असेल तर घासत बसू नका, नवा बनवून घ्या.

इंजिन खरोखरच बदलायचं असेल तर

सगळं तपासूनही इंजिन गेलेलंच निघालं, तर काढण्याआधी फोटो काढा. प्रत्येक होज, प्रत्येक वायर, चारही फाउंडेशन (इंजिन ज्यांवर बसतं ते पाय). बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा, खालचा कॉक बंद करून तारेने बांधून ठेवा. फाउंडेशनखालच्या पत्र्याच्या पट्ट्या ज्या पायाखालच्या त्याच पायाच्या डबीत ठेवा, चार डब्या वेगळ्या. गिअरबॉक्स धरून वजन अर्ध्या टनाच्या पुढे जातं, तेव्हा चेनकप्पी दोन टनांची घ्या. जेटीवरून उचलणार असाल तर भांगाचे (कमी भरती-ओहोटीचे) दिवस धरा. उधाणाला पाणी फार वर-खाली होतं आणि काम अर्ध्यात असताना बोट क्रेनच्या खालून उतरत जाते.

नवं बसल्यावर शाफ्टची (पंखा फिरवणाऱ्या दांड्याची) लाइन बोट पाण्यात असतानाच जुळवा. वर काढलेल्या बोटीचा आकार वेगळा असतो, पाण्यात टाकल्यावर ती थोडी बसते. पाण्यात टाकून एक दिवस जाऊ द्या. मग गिअरबॉक्सचा आणि शाफ्टचा फ्लँज (जोडाची चकती) जवळ आणून चारही बाजूंनी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. पाच इंचांच्या फ्लँजला चारही बाजूंच्या फटीत जास्तीत जास्त पाच थाऊचा (इंचाच्या पाच हजारांशाचा) फरक चालतो, म्हणजे ०.१३ मिलिमीटरच्या आत. शाफ्ट वाकडा ओढला गेला की गिअरबॉक्सचं सील दर महिन्याला फुटतं, कपलिंगचे बोल्ट तुटतात, आणि ते ओझं शेवटी इंजिनावरच येतं. ग्लँडची दोरी (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी) इतकी आवळू नका की पाणी पूर्ण बंद होईल. चालू असताना थेंब थेंब पाणी आलं पाहिजे, नाहीतर शाफ्ट तिथे जळतो.

मत्स्यव्यवसाय कार्यालयात इंजिन बदलल्याची नोंद करून घ्या. पुढे डिझेलच्या परताव्याच्या वेळी कागद जुळले नाहीत तर मालकालाच त्रास होतो.

जीपवाल्यांसाठी

गाडीतही गोष्ट तीच. एक जुनी महिंद्रा ५४० जीप माझ्याकडे आली होती. तिचं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल काढून दुसरीकडच्या एका मेकॅनिकने मोठं इंजिन बसवलं होतं. गावात ठीक, आंबा घाट चढायला लागली की उकळायची. रेडिएटर दोनदा साफ झालेला. बघतो तर नव्या इंजिनाचा पंखा रेडिएटरपासून वीतभर मागे, आणि भोवतीचं फॅन कव्हर बसत नाही म्हणून काढून टाकलेलं. तो पंखा जाळीतून वारा ओढतच नव्हता, बॉनेटखालची गरम हवाच गोल फिरवत होता. पत्र्याचं कव्हर बनवलं, पंखा पाती निम्मी कव्हरात येतील इतका पुढे घेतला. पाणी, रेडिएटर, थर्मोस्टॅट यांना हातही लावला नाही.

विजेचा पंखा बसवला असेल तर समोर कागद धरून बघा. कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडून लांब गेला तर वायर उलटी जोडलीय. पाणी भरताना गाडीचं तोंड चढावर करा, झाकण उघडं ठेवून मशीन गरम होऊ द्या, हीटर असेल तर चालू ठेवा. बुडबुडे थांबले की मगच झाकण लावा.

आरसीवर इंजिन नंबर बदलून घेणं जीपवाले टाळतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला तोच कागद मागते.

नानांच्या केबिनमध्ये आता दाराच्या मागे खडूने दोन आकडे लिहिलेत : ७०० ला २१, १४०० ला ११. महिन्यातून एकदा खलाशी बादली लावतो. १३ लागले तर मला फोन करायचा असं ठरलंय.